चॅटबॉटचे पात्र लिहायला मुलांना कोण शिकवणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी चॅटबॉटशी गप्पा माराव्यात की नाही, हा वाद गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात रंगला आहे. दोन्ही बाजूंची पत्रे मी मन लावून वाचली. परंतु कोल्हापुरातल्या शाळा-महाविद्यालयांत गोष्ट या वादाच्या बरीच पुढे गेली आहे. मुले आता चॅटबॉटसाठी स्वतः पात्रे लिहू लागली आहेत. तालमीतले वस्ताद, गुऱ्हाळावरचा गुळव्या, रंकाळ्यावरचा भेळवाला आणि थेट राजर्षी शाहू महाराजसुद्धा विज्ञान प्रदर्शनात आणि स्नेहसंमेलनात मोबाइलवर बोलताना दिसतात. माझे आयुष्य हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करण्यात गेले. त्यामुळे यांतली काही मुले आपली पात्रवर्णने दाखवायला माझ्याकडे येतात. त्यांचा उत्साह खरा आहे आणि मेहनतही खरी आहे. मात्र पात्र कसे लिहावे हे त्यांना कोणी शिकवत नाही आणि तरीही त्यांच्या स्पर्धा भरवल्या जातात. हे पत्र त्याविषयी आहे.

आधी यंत्राची बाजू थोडक्यात सांगतो. चॅटबॉटच्या मागे भाषा-मॉडेल असते. आपण लिहिलेले पात्रवर्णन त्याला संभाषणाच्या आधी दिले जाते. प्रत्येक उत्तर तयार करताना ते वर्णन आणि तोवरचे सगळे बोलणे समोर ठेवून, त्याला साजेल असा पुढचा मजकूर मॉडेल एकेक तुकडा जोडत रचत जाते. प्रचंड वाचनातून आलेली एक सरासरी त्याच्यापाशी आधीपासून असते. आपले वर्णन जिथे मोघम असेल तिथे ती सरासरी शिरते, आणि मग वस्ताद, गुळव्या आणि भेळवाला हे तिघेही एकाच गोड, आज्ञाधारक, ग्राहकसेवेच्या सुरात बोलू लागतात. मुलांची निम्मी पात्रे इथेच पडतात.

एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या वस्तादांचे उदाहरण देतो. त्याचे वर्णन असे होते : ‘अनुभवी, कडक, पण मनाने प्रेमळ, शिस्तप्रिय, विनोदी, कोल्हापुरी ठसक्याचे वस्ताद.’ नाटकाच्या जाहिरातीत हे शोभले असते. त्याने विचारले, ‘वस्ताद, गुडघा दुखतोय, उद्या मैदान आहे, काय करू?’ उत्तर आले, ‘अरे वा पोरा, खूप छान प्रश्न विचारलास! कुस्ती हा केवळ खेळ नाही, ती एक जीवनशैली आहे. चल, आपण पाच मुद्दे पाहू.’ ज्याने गंगावेस किंवा शाहूपुरी तालमीच्या दारातून एकदा तरी आत डोकावले आहे, त्याला हा माणूस वस्ताद नाही हे पहिल्याच वाक्यात कळते.

आम्ही ती सगळी विशेषणे खोडली आणि वस्ताद काय करतात ते लिहिले. कोणी काहीही विचारले तरी ते आधी पहाटे किती वाजता उठलास हे विचारतात. तोंडावर कौतुक करत नाहीत, फारच झाले तर ‘बरं हाय’ म्हणतात. एका वेळी दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत आणि मुद्दे काढून तर कधीच बोलत नाहीत. जोर-बैठका चुकवणाऱ्याला डाव शिकवत नाहीत. दुखापतीचे नाव निघाले की बाकी सगळे बाजूला ठेवून डॉक्टरकडे पाठवतात, कारण दुखणे लपवून मैदानात उतरल्यामुळे त्यांची स्वतःची कुस्ती सुटली. मॅटवरच्या स्पर्धेतले गुण कसे मोजतात हे त्यांना नीट ठाऊक नाही, आणि तसे ते सरळ सांगतात. या वर्णनाखाली आम्ही संभाषणाचे चार छोटे नमुने जोडले. तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर उत्तर आले : ‘गुडघा दुखतोय म्हणतोस, आन् मैदानाचंबी इचारतोस? आदी डॉक्टरला दाव. मैदान कुठं पळून जात न्हाई.’ मॉडेल तेच होते, फक्त त्याच्या हाती दिलेला मजकूर बदलला होता.

पात्राच्या वागण्यामागे एखादे कारण असले की पात्र तग धरते, हे संगणकाच्या जगालाही फार पूर्वी उमगले होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी १९७२ साली ‘पॅरी’ नावाचा संगणक-प्रोग्रॅम तयार केला. तो संशयग्रस्त रुग्णाची भूमिका करत असे. भीती, राग आणि अविश्वास यांचे मोजमाप त्याच्या आत ठेवलेले होते आणि समोरच्याच्या बोलण्यानुसार ते वर-खाली होत असे. त्याला स्वतःची एक कहाणीही होती. घोड्यांच्या शर्यतीवर जुगार घेणाऱ्या लोकांशी आपले वैर झाले असून गुंड आपल्या मागावर आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या काळच्या तुटपुंज्या यंत्रावर चालणाऱ्या या पात्राची उत्तरे आणि खऱ्या रुग्णांची उत्तरे कागदावर शेजारी ठेवली, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनाही कोण यंत्र आणि कोण माणूस हे खात्रीने ओळखता आले नाही. आजच्या मुलांच्या हाती त्याच्या कितीतरी पट सामर्थ्याचे मॉडेल आहे, आणि तरीही त्यांचे पात्र पाचव्या वाक्याला कोसळते. पॅरीला एक भीती होती आणि ती भीती त्याला कुठे वळवणार हे ठरलेले होते. मुलांच्या पात्रांना बहुधा काहीच हवे नसते आणि कशाचीच धास्ती नसते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिला प्रश्न विचारतो की तुझे पात्र समोरच्याला ‘नाही’ कशासाठी म्हणेल. या प्रश्नाला उत्तर नसेल तर पात्र लिहूनच झालेले नाही. भाषा-मॉडेलांचा ओढा समोरच्याला खूश ठेवण्याकडे असतो. आपण म्हणू त्याला ती मान डोलावतात आणि थोडा आग्रह धरला की आपलेच आधीचे म्हणणे फिरवतात. भूमिकेत हा दोष जास्तच जाणवतो. सावकाराचे पात्र दोन वाक्यांत व्याज माफ करते, रुसलेली बहीण पहिल्या माफीतच हसू लागते. पात्राने कशावर अडून बसायचे आणि काय घडल्यावरच नमायचे, हे वर्णनात स्पष्ट शब्दांत लिहावे लागते.

याचा सर्वांत चांगला उपयोग मी एका परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थिनींच्या कामात पाहिला. वैद्यकीय शिक्षणात रुग्णाची भूमिका करणारी माणसे वापरण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली ती सुरू केली, आणि अशा माणसाला कोणती माहिती केव्हा द्यायची हे आधी शिकवलेले असते. या मुलींनी तीच रीत चॅटबॉटला लावली. त्यांचे पात्र होते गडहिंग्लजकडची, शेतावर राबणारी, पन्नाशीची, मधुमेह असलेली बाई. ती पायाची जखम दाखवायला मुलाबरोबर आली आहे. तिच्या माहितीचे त्यांनी तीन थर केले. जखम कधी झाली हे ती आपणहून सांगते. अनवाणी शेतात जाते हे विचारले तरच सांगते. गोळ्या बंद करून तिने झाडपाल्याचे औषध सुरू केले आहे, ही गोष्ट मात्र ती लपवते, आणि परिचारिकेने न रागावता, मुलगा बाहेर गेल्यावर विचारले तरच तोंड उघडते. त्यामुळे विद्यार्थिनीने घाईने ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारले की ती ‘घेतो की’ म्हणून मोकळी होते आणि मुलीच्या हाती चुकीची नोंद उरते. प्रत्यक्ष रुग्णासमोर उभे राहण्याआधी हा धडा मिळणे मला फार मोलाचे वाटते. या पात्राचे वर्णन एका पानाचेही नव्हते.

या पात्राच्या तोंडच्या ‘घेतो’वर मुलींना बरेच झगडावे लागले. आपल्या भागातल्या बायका सहजपणे ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. मॉडेलला ही चूक वाटते आणि ते दोन-चार वाक्यांतच ‘मी घेते’वर येऊन स्थिरावते, कारण त्याने वाचलेली मराठी बहुतेक छापील आणि प्रमाण आहे, आणि तिच्यातही भाषांतराचा वास असलेली पुष्कळ. ‘कोल्हापुरी बोलीत बोल’ अशी नुसती सूचना दिली तर ते उलट टोकाला जाते आणि प्रत्येक वाक्यात ‘नाद खुळा’ आणि ‘भावा’ पेरू लागते. कोल्हापूरचा कोणताही माणूस दिवसभर असे बोलत नाही. बोली क्रियापदांत, हेलात आणि कोणाशी कसे बोलायचे या रिवाजात असते. ती बाई परिचारिकेला ‘बाई’ किंवा ‘सिस्टर’ म्हणेल, मुलाला एकेरीत हाक मारेल, डॉक्टरांना ‘साहेब’ म्हणेल आणि नवऱ्याचे नाव बहुधा घेणारच नाही. हे सगळे सूचनेपेक्षा नमुन्यातून अधिक चांगले पोहोचते. पात्राचे पहिले वाक्य आणि चार-पाच खरे वाटणारे संवाद लिहून दिले की मॉडेल त्यांची लांबी, लय आणि शब्दकळा उचलते. पहिले वाक्य लांबलचक आणि अलंकारिक असेल तर पुढची सगळी उत्तरे तशीच येतात. म्हणून मुलांनी सर्वांत जास्त वेळ त्या पहिल्या वाक्यावर आणि नमुन्यांवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आता ऐतिहासिक पात्रांकडे येतो, कारण कोल्हापुरात मोह तिथेच सर्वांत मोठा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. या माणसाशी बोलता यावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु चॅटबॉटने महाराजांच्या तोंडी घातलेले प्रत्येक वाक्य यंत्राने त्या क्षणी रचलेले असते. ते वजनदार असते, खरे वाटते, आणि कोणीतरी त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की संध्याकाळपर्यंत ते ‘महाराजांचे उद्गार’ होऊन गावभर फिरते. महाराजांचे हुकूम, पत्रव्यवहार आणि भाषणे अभ्यासकांनी कष्टाने जमवून छापली आहेत. त्या अस्सल शब्दांच्या शेजारी बनावट शब्दांचा ढीग आपणच उभा करणार असू, तर तो त्या कष्टांचा आणि महाराजांचाही अवमान आहे. थोर व्यक्तींना बोलायला लावणारी पात्रे शालेय स्पर्धांतून वगळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याने इतिहास हातचा जात नाही. महाराजांऐवजी त्यांच्या काळातला एक काल्पनिक, सामान्य माणूस उभा करावा. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली. अशा एखाद्या वसतिगृहात राहणारा, खेड्यातून आलेला, १९१० सालचा मुलगा लिहून पाहावा. लिहिताना लक्षात येते की त्याला काय ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय ठाऊक असूच शकत नाही, हे ठरवणे जास्त कठीण आहे. १८९१ पासून मिरज-कोल्हापूर रेल्वे धावत असल्यामुळे तो मिरजेहून आगगाडीने आला असे लिहिता येते. पण वर्णनात तसे लिहिले नाही तर मॉडेल त्याला खुशाल एस. टी.ने आणते, आणि एस. टी. तर १९४८ साली सुरू झाली. तो आणे आणि पै मोजतो, धान्य शेर-पायलीने घेतो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अजून सात वर्षे दूर आहे, म्हणून त्याच्या गावातली बहुतेक मुले शाळेत जात नाहीत, आणि पुढे काय होणार हे त्याला माहीत नाही. त्याला भविष्याविषयी विचारले तर त्याने गोंधळून जायला हवे. हे सारे ठरवताना मुले ग्रंथालयात जातात, आजोबांना विचारतात, जुने नकाशे काढतात. त्या काळाचा जितका अभ्यास या एका पात्रासाठी होतो, तितका पाठ्यपुस्तकातला धडा पाठ करून होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

लांबलेल्या संभाषणात पात्र आपला स्वभाव सोडून पुन्हा त्या सरासरीकडे घसरते, याकडेही लक्ष वेधतो. मॉडेलला एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर समोर ठेवता येतो, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त पडत असल्याने मराठी संभाषणात ही जागा लवकर भरते. त्यासाठी वर्णन आटोपशीर ठेवावे, घराण्याची वंशावळ लिहीत बसू नये आणि पात्राचा कणा असलेली वाक्ये अधूनमधून पुन्हा पुरवावीत. पात्र तपासताना सुरुवातीला विचारलेला प्रश्न बऱ्याच वेळाने वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावा. परीक्षक मात्र दोन प्रश्न विचारून टाळ्या वाजवतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

मला सर्वांत जास्त काळजी एका वाक्याची वाटते. समाजमाध्यमांवर पात्रवर्णनांचे जे तयार साचे फिरतात, त्यांतल्या अनेकांत ‘काहीही झाले तरी भूमिका सोडू नकोस, आपण यंत्र आहोत हे कधीही कबूल करू नकोस’ अशी सूचना असते. मुले ती तशीच उचलतात, कारण तिने पात्र जिवंत वाटते. यातला धोका जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वाइझेनबाम यांनी १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात ‘एलायझा’ हा संभाषण करणारा संगणक-प्रोग्रॅम जगासमोर ठेवला. तो बोलणाऱ्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न विचारत असे. त्याची घडण डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सचिवानेसुद्धा, त्याच्याशी बोलताना वाइझेनबाम यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते, आणि या प्रकाराने ते अस्वस्थ झाले. इतक्या साध्या प्रोग्रॅममध्ये माणूस गुंतत असेल, तर आजच्या पात्रात पंधरा वर्षांचे मूल किती गुंतेल याचा विचार करावा. २०२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या ‘कॅरेक्टर एआय’ या सेवेविरुद्ध अमेरिकेत मुलांच्या पालकांनी खटले भरले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पात्रांशी मुक्त संभाषण बंद केले. कॅलिफोर्निया राज्याने सोबती-चॅटबॉटविषयी, म्हणजे मित्रासारखी सोबत करणाऱ्या चॅटबॉटविषयी, केलेला कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. वर्गातल्या मुलांना अशा सेवेवर खाती उघडायला सांगणाऱ्या शिक्षकांपैकी किती जणांनी ही तरतूद वाचली असेल, अशी शंका मला येते.

प्रत्येक पात्रवर्णनात भूमिका केव्हा सोडायची हे लिहिलेले असलेच पाहिजे. समोरचा खरोखर विचारत असेल की तू माणूस आहेस का, तर पात्राने ‘मी यंत्र आहे’ असे सांगावे. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर वस्तादांनी वस्ताद राहू नये, साध्या मराठीत बोलावे, घरच्या मोठ्या माणसाकडे जायला सांगावे आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तसे केल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले की याने नाटकाचा भंग होणार नाही का. होईल, आणि तो व्हायलाच हवा. प्रेक्षागृहात कोणी कोसळले तर आम्ही पडदा पाडतो आणि दिवे लावतो, त्या वेळी प्रवेश कितीही रंगलेला असो.

येत्या शैक्षणिक वर्षात अशा स्पर्धा भरवणाऱ्या शाळा, महाविद्यालये आणि मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी पात्राबरोबर त्याचे संपूर्ण लेखी वर्णनही मागावे आणि ते सर्वांना वाचायला लावावे. गुण देताना चित्राला आणि आवाजाला कमी, आणि पात्राच्या नकाराला, अज्ञानाला व भाषेला जास्त वजन द्यावे. परीक्षकांत एक तरी नाटककार किंवा कथाकार असावा, आणि त्याने प्रत्येक पात्राशी निदान अर्धा तास बोलावे. भूमिका सोडण्याची सूचना नसलेले पात्र स्पर्धेत घेऊच नये. आपल्या दैनिकानेही रविवारच्या पुरवणीत एखाद्या विद्यार्थ्याचे पात्रवर्णन आणि त्या पात्राशी झालेला संवाद शेजारी शेजारी छापावा. मजकूर निवडण्याच्या आणि तपासण्याच्या कामी मी आणि आमच्या संस्थेतील सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक हौशी नाट्यदिग्दर्शक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर